पोलके

गेल्या श्रावणात, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, मी आईजवळ शिवण शिकायला बसले. जिने तीस वर्षे साऱ्या गल्लीची पोलकी, झंपर आणि परकर शिवले, तिच्या मुलीला साधे टिचबटण लावता येत नव्हते हे ऐकून पुष्कळांना हसू येते. मला कधी आले नाही. आमच्या घरात शिवणयंत्राची म्हणून जी खोली आहे तिथे मी शक्यतो जातच नसे. तिथे माप घेत असत.

कारण आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे आडपडदा नको. माझ्या पाठीला बाक आहे. कणा मध्यावर उजवीकडे झुकलेला. त्यामुळे उजवा खांदा वर, डावा खाली, आणि डाव्या कमरेशी एक घडी पडते ती उजवीकडे पडत नाही. बारा-तेराव्या वर्षी तो दिसू लागला. डॉक्टरांनी पाहिले आणि सांगितले की बाक फार नाही, वाढ थांबली की बहुधा तोही थांबेल. तसा तो थांबला. त्याने मला दुखणे असे कधी दिले नाही. पण ‘खांदा सरळ कर’ हे तीन शब्द मी नातेवाइकांकडून, शेजारणींकडून, कवायतीच्या मास्तरांकडून इतक्या वेळा ऐकले, की जणू तो खांदा मी हौसेनेच उचलून धरला होता.

शिंप्याकडे ब्लाउज टाकला की डावा खांदा घसरायचा आणि उजव्या बगलेत रुतायचे. एका शिंप्याने दोनदा दुरुस्त करून दिले. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, “बाई, कापडात दोष नाही, शिलाईत दोष नाही.” पुढचे वाक्य त्याने गिळले, पण मला ते ऐकू आले. त्या दिवसापासून मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊ लागले आणि शाळेत ‘शालीन बाई’ म्हणून माझा उगाच लौकिक झाला. आईने शिवलेले कपडे घसरत नसत. पण ते अंगाला लागतही नसत. माझे सगळे ती ढगळ शिवी. ‘वाढतं अंग आहे’ ही सबब मुलगी तेरा वर्षांची असताना शोभते. मी तिशी ओलांडल्यावरही ती तेच म्हणे.

मी मॅट्रिक. म्हणजे दहावी; पण आमच्या घरी अजून मॅट्रिकच म्हणतात. एका शाळेच्या बालवर्गाला शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. तीन छापून आल्या. तिन्हींच्या नायिका उभ्या राहतात, चालतात, खिडकीशी वाकून बाहेर बघतात, आणि एकीच्याही अंगावरचा कपडा कधी कुठे ओढत नाही. हे माझ्या परवा परवा लक्षात आले. बाकीच्या चुका समीक्षकांनी दाखवल्या होत्या. ही त्यांना दिसली नाही.

तर आता पोलक्याकडे येते.

येत्या मार्गशीर्षात माझ्या भाचीचे लग्न आहे. हल्ली लग्नात एखादा दिवस जुन्या वेशाचा असतो. भाचीने ठरवले की हळदीला आजोळच्या सगळ्या बायकांनी तिच्या पणजीसारखे यायचे: इरकली लुगडे आणि खणाचे पोलके. तिला हे सुचले एका फोटोवरून. पणजी म्हणजे माझी आजी, आईची आई. फोटोच्या पाठीवर शाईने १९५३ असे लिहिले आहे. आजी स्टुडिओतल्या खुर्चीला हात टेकून उभी आहे. बंद गोल गळा, पुढे बटणांची पट्टी, कोपरापर्यंत बाही आणि खांद्यावर ती चुण्या घालून फुगवलेली. तिच्याकडे पाहिले की आधी ताठ मान दिसते आणि मग ते फुगे.

पोलके हा शब्द आता परकराच्या जोडीला तेवढा उरला आहे, म्हणून थोडे सांगते. चोळी पुढे गाठ मारून बसवतात. ती पोटाच्या वर संपते आणि गाठ घट्ट-सैल करता येत असल्यामुळे अंगाचे पुष्कळ सांभाळून घेते. पोलके कमरेपर्यंत येते आणि बटणांनी बंद होते. बटण एकदा जिथे लावले तिथेच लागणार, म्हणून पोलके मुळात नीट बेतावे लागते. फुग्याची बाही मूळची आपली नव्हे. युरोपात १८९० नंतरच्या दशकात तिचा सुळसुळाट होता, मग ती मागे पडली आणि १९३० नंतर पुन्हा आली. १९३२ साली ‘लेटी लिंटन’ नावाच्या अमेरिकन चित्रपटात जोन क्रॉफर्डने मोठमोठ्या झालरींच्या बाह्यांचा झगा घातला आणि तिथल्या दुकानांतून त्याच्या नकला विकल्या गेल्या. आजीने हे नाव ऐकले असेल असे मुळीच वाटत नाही. पण फॅशन ही पुरासारखी असते. ती कुठून निघाली हे ज्याच्या दारात पाणी येते त्याला ठाऊक असायचे कारण नाही.

भाचीने सगळ्यांसाठी तयार पोलकी मागवली. माझे ३६ नंबरचे आले. मी ते घालून आरशासमोर उभी राहिले, तेव्हा डावा फुगा दंडावर उतरला होता आणि उजवा कानाकडे निघाला होता. पाठीवर खणाच्या उभ्या रेघा मधूनच वळल्या होत्या. खण फार सत्यवादी कापड आहे. त्याच्या रेघा काही झाकू देत नाहीत. पोर गुणी आहे, हसली नाही. म्हणाली, “मावशी, तू वरून पदर घे ना.”

मी पदर घेतला. रात्री मात्र झोप लागेना. मग उठून यंत्राच्या खोलीतला दिवा लावला.

“आता या वयात?” आई म्हणाली. तिचे सत्तरावे चालू आहे. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, तरी सुईत दोरा ओवायला तिला माणूस लागते. मी म्हटले, “ओवून मी देते, बेतायला तू शिकव.” ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “आधी वर्तमानपत्रावर काप. कापड महाग आहे.”

शिवणाच्या पुस्तकात पहिल्या पानापासून एकच सूचना असते: कापड दुहेरी घालून अर्धी पाठ आखा, मधली घडी तशीच ठेवा, कापा. उलगडले की अख्खी पाठ तयार. मला तर हे फार ओळखीचे वाटले. बालवर्गात आम्ही कागदावर रंग टाकून तो मधोमध दुमडतो. उघडला की फुलपाखरू. मुले दर वेळी तितकीच आश्चर्यचकित होतात. मी पुस्तकाबरहुकूम मांजरपाटाचे पोलके कापले, धावदोऱ्याने जोडले आणि घातले. ते त्या तयार पोलक्याहून वाईट बसले. पुन्हा कापले. पुन्हा तेच. आई पलंगावर बसून बघत होती आणि काही बोलत नव्हती. तिचे ते न बोलणे मला तेव्हा उमजले नाही.

पुस्तकाच्या शेवटी कोष्टक असते: छाती इतकी तर कंबर इतकी, खांदा इतका, मुंढा इतका. असली कोष्टके मुळात बनतात कशी याचा मी शोध घेतला. मास्तरकीची खोड, दुसरे काय. १९३९ आणि १९४० साली अमेरिकेच्या शेतकी खात्याने सुमारे १५,००० बायकांची मापे घेतली. एकेकीची एकोणसाठ मापे! हेतू हा की त्यांवरून कपड्यांचे ठरीव नंबर पाडता यावेत. अहवाल १९४१ मध्ये निघाला. गोऱ्या नसलेल्या बायकांनीही मापे दिली होती. ती हिशेबात धरली नाहीत. अशाच मापांच्या सरासरीवरून एका शिल्पकाराने आणि एका डॉक्टराने मिळून स्त्रीचा एक पुतळा केला आणि त्याला ‘नॉर्मा’ नाव दिले. १९४५ साली क्लीव्हलँड शहरात एका वर्तमानपत्राने स्पर्धा लावली: ज्या बाईची मापे नॉर्माशी जुळतील तिला बक्षीस. साडेतीन हजारांहून जास्त बायका पुढे आल्या. सर्व मापांत एकही जुळली नाही. जवळात जवळची पाहून बक्षीस देऊन टाकले.

हे वाचून मला बरे वाटले, नाही असे नाही. पण मांजरपाटाचे पोलके काही त्याने बसेना. शिवाय त्या साऱ्या जणी निदान दुमडल्या तर जुळल्या असत्या, असे मी मनात म्हटलेच.

शेवटी आजीचे खरे पोलके पाहावे असे ठरवले. तिची पत्र्याची ट्रंक आमच्या माळ्यावर आहे. २०१९च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी आमच्या सांगलीत गल्लीगल्लीतून शिरले तेव्हा ती माळ्यावर होती म्हणून वाचली. तिच्यात दोन लुगडी, एक धाबळी आणि तळाशी एक छिटाचे पोलके निघाले. फोटोतले नव्हे, पण त्याच बेताचे. सगळे हाताने शिवलेले, उलटी टीप इतकी बारीक की यंत्राची वाटावी. मी ते उसवून ठसा घ्यायला निघाले तर आई म्हणाली, “उसवू नकोस. उलटं करून दुमड आणि कागदावर ठेव.”

मी ते उलटे केले, पाठीच्या मध्यावर दुमडले, आणि ते जुळेना. उजवा खांदा डाव्याच्या बोटभर वर राहत होता. उजव्या पाठीत खांद्यापासून खाली एक छोटी चिमट होती, डावीकडे नव्हती. डाव्या कुशीची शिवण उजवीपेक्षा आत घेतलेली. डाव्या बाहीला चुण्या जास्त होत्या, आणि फुग्याच्या आत, मुंढ्याच्या शिवणीवर, चौपदरी दुमडलेली एक पट्टी टाचलेली होती. तिच्यावर तो फुगा उभा राहत असे. मला वाटले, कापड आटले असेल. मग वाटले, आजीचे शिवण कच्चे होते.

“आई, हे वाकडं बेतलंय गं.”

“वाकडं नाही. तिच्या अंगाचं बेतलंय.”

मी तिच्याकडे पाहिले. ती खिडकीकडे पाहत होती.

“तिचा उजवा खांदा वर होता. असाच. फोटोत कळत नाही ते या बाह्यांमुळे.”

खोलीत पुष्कळ वेळ नुसते पंख्याचे आवाज होते. मग मी विचारले, “मला कधी बोलली नाहीस?”

“काय बोलणार होते? तुझं दिसायला लागलं तेव्हा या घरात सगळे विचारायचे, हे कुणाच्या वळणावर गेलं. आमच्यात तर कुणी असं नाही म्हणायचे. आईला कुणी नीट पाहिलंच नव्हतं. ती नेहमी याच पोलक्यांत. मी गप्प राहिले. डॉक्टर म्हणाले होते की असं घराण्यात उतरू शकतं. तिच्याकडून तुझ्याकडे आलं ते मधे माझ्यातूनच आलं ना? मग ढगळ शिवत गेले.”

मला राग आला. इतकी वर्षे मी साऱ्या आप्तांत एकटीच वाकडी आहे अशा समजुतीने वावरले. आजी मी नऊ वर्षांची होईपर्यंत होती. तिच्या मांडीवर मी झोपले आहे, तिचा खांदा माझ्या गालाखाली आला असणार. मला हे एका वाक्यात सांगता आले असते आणि ते सांगितले नाही, कारण सासरी चार माणसे काय म्हणतील! हे मी आईला बोलले. याहून कडवटही बोलले. ते इथे लिहीत नाही. आईने क्षमा मागितली नाही. तिच्या पिढीच्या बायका मुलींची क्षमा मागत नाहीत. ती उठली, यंत्राच्या खणातून टेप काढली आणि म्हणाली, “उभी राहा. आणि मापाची वही घे. मला आकडे दिसत नाहीत, मी सांगते, तू लिही.”

वही जुनीच होती. एकेक पान एकेका गिऱ्हाइकाचे. माझे पान शोधायला नको म्हणून मी कोरे काढत होते, ती म्हणाली, “तुझं आहे त्यात.” होते. १९९३पासून १९९९पर्यंत, दर वर्षी दिवाळीच्या सुमाराची मापे. प्रत्येक पानावर मधून एक उभी रेघ, एका बाजूला ‘उ’, दुसऱ्या बाजूला ‘डा’. पावपाव इंचाचा फरक नोंदलेला. माझे माप घेताना ती कधी आकडे मोठ्याने म्हणत नसे, एवढेच मला आठवत होते. बाकी सर्वांचे म्हणे.

आता तिला म्हणावे लागले. “उजवा खांदा ते कंबर, सव्वासोळा. डावा, सव्वापंधरा.” मी लिहिले. छत्तीसचा आकडा गेला आणि त्याच्या जागी पंचवीस-तीस आकडे आले.

मध्यरेषेसाठी तिने काय केले ते सांगण्यासारखे आहे. मांजरपाटाचा अख्खा तुकडा माझ्या पाठीवर टाचला. दोऱ्याला कुलपाची किल्ली बांधली आणि दोरा मानेच्या मणक्यावर धरून किल्ली मोकळी सोडली. गवंडी ओळंबा धरतात तसा. किल्ली स्थिर झाली की त्या दोऱ्याच्या मागोमाग खडूने रेघ ओढली. ही कापडाची मध्यरेषा, कापडाचा उभा दोरा हिच्यावर यायचा. मग बोटांनी चाचपत एकेक मणका शोधून त्यावर ठिपके दिले. डोळ्यांना दिसत नाही, पण बोटांना दिसते. ठिपके रेघ सोडून उजवीकडे गेले, पाऊण इंचापर्यंत, आणि खाली पुन्हा रेघेवर आले. पाठीवरून उतरवल्यावर मी तो तुकडा पलंगावर पसरला. माझी पाठ मी पहिल्यांदा पाहत होते. भूगोलाच्या पुस्तकात नदी दाखवतात तशी ती दिसत होती.

कण्याबरोबर रेघ वळवायची नाही, हे मला आईने दोनदा बजावले. रेघ सरळच ठेवायची आणि दोन्ही बाजूंना जितके कमी-जास्त लागेल तितके द्यायचे. उजवी पाठ जास्त लांब, कारण फुगवट्यावरून कापडाला चढून जावे लागते. चिमट फक्त उजवीकडे. डावी कूस आत. डावा मुंढा खाली. आणि काही झाले तरी दुमडून कापायचे नाही. अख्खे उलगडून, उजवी पाठ वेगळी, डावी वेगळी. यात कापड जास्त जाते आणि वेळ दुप्पट. शिंप्याला हे परवडत नाही हे मला आता कळते; त्याच्यावर माझा जो राग होता तो पुष्कळ उतरला.

तिसरे मांजरपाट बसले. बसले म्हणजे काय, हे ज्यांना सगळेच कपडे बसतात त्यांना सांगणे कठीण आहे. मी हात वर केला, कापड बगलेत अडले नाही. वाकले, पाठीवर ताणले नाही. आपण काही घातले आहे हे विसरायला झाले. मी तसेच पोळ्या करायला गेले.

खण मी गुळेदगुड्डचा घेतला. बागलकोट जिल्ह्यातले ते गाव या कापडासाठी नावाजलेले आहे. खणाचा पन्हा अरुंद असतो आणि दोन्ही कडांना काठ, तेव्हा अख्खे उलगडून कापायचे तर तुकडे बसवताना डोके चालवावे लागते. एक बाही मी उलट्या काठाची कापून बसले. ती आता पिशवीला लावीन. आत माया मात्र भरपूर सोडली आहे, दोन्ही बाजूंना इंचभर. आईचा हुकूम.

वाद आहे तो डाव्या बाहीचा. आईचे म्हणणे, आजीसारखी आत चौपदरी पट्टी घाल, फुगा उचलला जाईल, दोन्ही खांदे सारखे दिसतील. मी एकदा पट्टी घालून पाहिली. खरेच सारखे दिसले. आरशात मी थेट त्या फोटोतल्या आजीसारखी उभी होते, आणि मला भाचीचा विचार आला. तिलाही उद्या मुलगी होईल. पट्टी उसवून पुन्हा घालून पाहिले. डावा फुगा खाली आला, पण नीट बसला. शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर होती.

आईने जवळ येऊन दोन्ही खांद्यांवरून बोटे फिरवली.

“दिसेल गं,” ती म्हणाली.

“दिसेल.”

ती काही बोलली नाही. डाव्या मुंढ्याशी एक चुणी तिच्या बोटाला जाड लागली, ती उसवून दोन बारीक कर म्हणाली. लग्नाला अजून महिना आहे. पट्टी यंत्राच्या खणात ठेवली आहे.